मामाजींची हरकत

नगराध्यक्षाचं निम्मं काम मौतीला जाणं असतं, हे मला निवडून येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. रस्ते, नाल्या, दिवाबत्ती, पाणी, हे सगळं ऐकून होते. पाण्यासाठी शिव्या खाव्या लागतात हेही माहीत होतं. पण सकाळी चहाचा कप हातात असताना फोन येतो, "अध्यक्षाबाई, अमके गेले, किती वाजता येता?" आणि मग तुम्ही यायचंच असतं, हे काही कोणत्या कायद्यात लिहिलेलं नाही.

आमचं गाव केनवडपासून फार दूर नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक यात आपापल्या घरची माणसं शोधत बसतील आणि माझ्या गिरणीवर येऊन भांडतील. आधी इथं ग्रामपंचायत होती, तिची नगरपंचायत झाली आणि सोडतीत अध्यक्षपद निघालं ते बायांसाठी. माझं शिक्षण सातवीपर्यंत. माहेर धनजकडचं, शेतकऱ्याचं. सासरी आले ती पिठाच्या गिरणीत. गावातली प्रत्येक बाई कधी ना कधी माझ्यापुढे डबा घेऊन उभी राहिलेली, त्यामुळे मतं मागायला मला फार फिरावं लागलं नाही. दळणासोबत मतंही आली.

तुम्ही म्हणाल, कारभार नवऱ्यानं पाहिला असेल. तसा रिवाज आहे खरा. आमचे हे पहिल्या दिवशी माझ्यासोबत कचेरीत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मुख्याधिकारी साहेबांनी त्यांच्यासमोर फाइल ठेवली. यांनी ती उलटीपालटी केली, पंखा बंद होता, घाम आला. म्हणाले, "गिरनीत निदान गिऱ्हाईक कमी बोलते." उठून गेले ते पुन्हा कचेरीची पायरी चढले नाहीत. त्यांनी गिरणी सांभाळली, मी गाव. मला विचाराल तर गिरणी जास्त नीट सांभाळली गेली.

आता कवितेचं सांगते. मी काही कवी नव्हे. लग्नात नाव घ्यायला सांगतात ना, तिथून हा नाद लागला. माझं नाव घेणं लांबत जायचं, नवऱ्याच्या नावापर्यंत पोचायला वेळ लागायचा आणि मधल्या वाटेत सासू, नणंद, वरमाय सगळ्यांची हजेरी व्हायची. लोक हसायचे, म्हणून आणखी लांबवायची. पुढे गिरणीत तर सोयच झाली. गिरणी चालू असली की तिच्या आवाजात तुम्ही मोठ्यानं काहीही म्हणा, कोणाला ऐकू जात नाही. मी दळता दळता ओळी जुळवायची, मोठ्यानं म्हणून पाहायची. फक्त एक घोळ होता. लाइन गेली की गिरणी एकदम थांबायची आणि माझी ओळ हवेत राहायची. रांगेतल्या बायका ऐकून मोकळ्या. मुख्याधिकारी साहेबांवरची एक ओळ अशीच गावभर गेली होती. ती इथं लिहीत नाही, साहेब चांगल्या जागी बदलून गेलेत.

कविता सगळ्या वऱ्हाडी. शाळेच्या भाषेत मला गद्य लिहिता येतं, तुम्ही वाचताच आहात. पण ओळ जुळवायला बसले की मायची भाषाच येते.

हे दोन्ही एकत्र कसे आले, तर मौतीमुळे. आमच्याकडे सरणाला अग्नी दिल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. मोक्षधामात दगडांवर, कट्ट्यावर बसतात. एक जण उभा राहून नाव पुकारतो आणि श्रद्धांजलीची भाषणं होतात. गावातले मोठे लोक बोलतात, अध्यक्ष शेवटी बोलतो, मग दोन मिनिटं शांत उभं राहून सगळे निघतात. भाषणं ऐकाल तर आमच्या गावात मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ. जिवंत मनमिळाऊ मला अजून भेटायचा आहे.

बाई मात्र तिथं जात नाही. बायका घरी थांबतात. त्यामुळे सुरुवातीला माझ्याऐवजी उपाध्यक्ष बोलायचे आणि मला ते ठीकच वाटायचं. मग देवराव गेला.

देवराव आमच्या पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह उघडणारा. लांब दांडीची चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचा. कोणत्या गल्लीला आज पाणी, कोणत्या गल्लीला उद्या, हे त्याच्या चावीवर. गाव त्याला जेवढ्या शिव्या द्यायचं तेवढ्या मलाही नाही मिळाल्या, आणि मला पुष्कळ मिळाल्या. तो माझा माणूस होता, नगरपंचायतीचा. त्याला निरोप द्यायला मी दुसऱ्याला पाठवू कशी? मी पदर खोचला आणि तिरडीमागे चालू लागले. माझ्यामागे आमचा शिपाई वसंता.

पावसाळा होता. इथं मला तुम्हाला रस्त्याचं सांगावं लागेल, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. आमचं मोक्षधाम नाल्याच्या पलीकडं. पूर्वी तिथं जायला गाडवाट होती. ती भाऊरावांच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जायची. पुढे मोजणी झाली, वाट भाऊरावांच्या हद्दीत निघाली आणि त्यांनी एक दिवस तिथं तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून गाव आपली मौत नाल्यातून नेत होतं. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, खाली शेवाळाचे दगड, खांद्यावर तिरडी. गावानं अर्ज केले, ठराव केले, भाऊराव तहसीलपर्यंत जाऊन आले. तार हलली नाही. तार काहून बांधली, असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "वावर माह्यं हाय."

हे भाऊराव म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, म्हणून माझे मामाजी. आमच्यात सासऱ्याला मामाजी म्हणतात. आणि हेच नगरपंचायतीत माझ्या विरुद्ध बाजूचे सभासद. आता पाहा माझी गंमत. सभेत मी अध्यक्षाच्या खुर्चीत, डोक्यावर पदर, समोर मामाजी. विषय कोणताही असो, त्यांचा हात वर. "माही हरकत लिवा." दिवाबत्तीला हरकत, नालीला हरकत. एकदा मागच्या सभेत त्यांनीच मांडलेला विषय आला तर त्यालाही हरकत घेतली. मी पदर सावरायची आणि हरकत फेटाळायची. संध्याकाळी त्यांच्या घरी भाजी पाठवायची.

तर देवरावला नाल्यातून नेलं. मीही साडी वर धरून पाण्यातून गेले. अग्नी दिला, भाषणं झाली, देवराव मनमिळाऊ होता असं तिघा-चौघांनी सांगितलं. मग वसंतानं सवयीनं पुकारलं, "अध्यक्षाबाई." मी उभी राहिले. आणि समोरच्या दगडावरून हात वर झाला.

"माही हरकत लिवा," मामाजी म्हणाले. "मसनात बाईमानूस बोलत नसते. आमच्या वाडवडलात झालं नाई."

वसंतानं खरंच खिशातून पेन काढला. सवयीला काय करता?

तेवढ्यात पलीकडून किसनराव बोलले. किसनराव म्हणजे मामाजींचे लहानपणापासूनचे जोडीदार. पण किसनरावांच्या मायची तिरडी एका पावसात नाल्यात घसरली होती. तेव्हापासून त्यांनी मामाजींशी बोलणं सोडलेलं. त्यामुळे ते मामाजींना बोलले नाहीत, सरणाकडे पाहून बोलले.

"कोनीतरी सांगा रे त्यायले, हे काई सभा नोहे. बाई नाल्यातून चालत आली, तवा नाई घेतली कोनी हरकत."

मी पदर नीट केला आणि वाटेनं जुळवलेलं म्हणून टाकलं. लांब होतं, शेवट एवढाच आठवतो:

साऱ्या गावाची तहान त्याच्या चावीच्या टोकाले,
आता पानी उशिरा आलं त शिव्या द्याच्या कोनाले?

लोक हसले. मोक्षधामात हसले. आणि मग देवरावचा भाऊ जो रडायला लागला तो आवरेना. वसंतानं हे सगळं फोनमध्ये धरलं होतं. संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सॲपच्या गटावर ते सगळ्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून अध्यक्षाबाई मौतीला आल्याच पाहिजेत असा हुकूम निघाला.

मग मी त्या कामाची एक पद्धत बसवली. कोणी गेलं की मी ओट्यावर बसलेल्या माणसांना काही विचारायची नाही. ते शेती किती, पोरं किती शिकली, एवढंच सांगतात. मी मागच्या दारानं स्वयंपाकघराकडं जायची आणि बायकांमध्ये टेकायची. तिथं कळायचं, बुढ्याला वांगं आवडत नव्हतं पण बायकोनं केलं म्हणून जन्मभर खाल्लं. एका म्हातारीचं तर सगळे सांगून राह्यले की चार पोरं, सगळी लायनीला लागली, नवऱ्याची सेवा केली. शेजारीण मला हळूच म्हणाली, "तिले झोक्याचं लय याड होतं बाई. दुपारी सारे निजले की नातवाच्या झोक्यावर बसे." मी तेवढंच म्हटलं:

म्हातारपनीबी झोक्यावर बसे गुपचूप,
पोरगी होती रे ते, बुढी दिसे खूप.

तिच्या मोठ्या मुलानं नंतर विचारलं, "बाई, हे आमाले काहून मालूम नाई?"

पुढं पुढं तर जिवंत गिऱ्हाईकं यायला लागली. आमचे एक शिंपी गिरणीवर आले आणि म्हणाले, "आमी कापड शिवाच्या आधी माप घेतो. तुमीबी घेऊन ठेवा, ऐनवेळी ढगळ व्हाले नको." मी त्यांना दळण देऊन परत पाठवलं. असं कोणाचं आधी करायचं नाही, हा माझा नियम होता. एकदाच मोडला.

त्या दिवशी मामाजी गिरणीवर आले. मी पाहिलं तर गव्हाच्या पोत्यावर बसलेले. दळणाचा डबा नाही, काही नाही. मी गिरणी बंद केली, पदर घेतला.

"सूनबाई, त्या झोक्यावाल्या बुढीचं चांगलं बोलली तू."

मी म्हटलं, तुमी त्याला पण हरकत घेतली होती.

"हरकत घ्याचीच असते. ते वेगयं." मग म्हणाले, "माह्यावर काय बोलशीन?"

मी चेष्टेवर नेलं, आधी जाऊन तर पाहा म्हटलं. ते हसले नाहीत.

"गेल्यावर मले ऐकू येनार हाय का? सभेत तू काई बोलली त मी उठतो, जवाब देतो. तठी मी आडवा अन् तू उभी. जवाब कोन देईन?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा माणूस घाबरला आहे. मरणाला नाही. आपल्या सरणाजवळ सगळं गाव बसलेलं असेल, नाल्याच्या पाण्यानं धोतरं ओली झालेली असतील, आणि त्यात मी उभी राहून तारेचं बोलीन. त्यावर हात वर करता येणार नाही.

"खरं असन तेच बोलीन, मामाजी," मी म्हटलं.

"म्हंजे तारेचं बोलशीन."

"बोलीन."

"बोल. पन मले आधी ऐकव. हरकत असन त मी जित्तेपनी घेईन."

मला नाही म्हणवलं नाही. पण मग माझ्या पद्धतीनंच करायचं, म्हणून मी त्यांच्या घरी मागच्या दारानं गेले. त्यांची सून कांता भाकरी टाकत होती. मी तिला तारेचं विचारलंच नाही, आत्याबाईंचं विचारलं. आत्याबाई म्हणजे मामाजींच्या पत्नी, त्यांना जाऊन बरेच दिवस झाले होते. कांतानं तवा खाली उतरवला.

"छातीचं दुखनं होतं. हवा चांगली म्हनून बाबानं त्यायले वावरातल्या घरी नेऊन ठेवलं. खाट खिडकीपाशी. खिडकीतून ते वाट दिसे. मौत निघाली की आत्याबाई उठून बसत अन् बाबाले पुसत, आज कोन गेलं हो? माह्या आधी आता कोन कोन राह्यलं? मंग दोन दोन दिवस जेवत नसत. बाबा एक दिवस बाजारातून तार घेऊनच आले."

एवढी वर्षं आम्ही ठराव लिहिले, मोजणीवाले आणले. तार काहून बांधली, हे त्यांना विचारलं ते भांडायला विचारलं. सांगता येईल असं कोणी विचारलंच नाही. आत्याबाई गेल्या आणि तार राहिली. मग ती सोडायची कशी, हे बहुतेक मामाजींनाही कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेले. मामाजी, दाराआड कांता आणि माझ्यासोबत वसंता, एवढेच होतो. मामाजींनी डोळे मिटून घेतले, जसे काही आडवेच आहेत. मी म्हटलं:

सभेत पयला हात यायचा, हरकत लिवा म्हनत,
हरकत लिवल्याशिवाय त्यायले भाकर नाई पचत.

वाटेवरती तार बांधली, गाव गेलं नाल्यातून,
कोनी नाई पुसलं, मामाजी, तार बांधली काहून.

खाटेवर पडून आत्या मोजे, आज कोन गेलं,
मरन दारापुढून जाऊ नये म्हनून कुंपन केलं.

आत्या गेली, तार राह्यली, गंज चढला तिले,
सांगा मामाजी, आता तुमी अडवता कोनाले?

मामाजींनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, आता उठून शिव्या देतील. उघडले तेव्हा दाराकडं पाहिलं, म्हणजे कांतानं सांगितलं हे त्यांना समजलं. हात वर केला.

"हरकत हाय. तारेचं काढ."

"तुमी वावरातून काढा, मी कवितेतून काढीन."

"पाहू," म्हणाले आणि आत गेले.

आता वसंताचं सांगते. वसंता वाईट माणूस नाही, इमानदार आहे. मी कविता म्हणायला लागले की फोन काढायचा, धरायचा आणि गटावर टाकायचा, हे त्याचं काम ठरून गेलेलं. त्यानं तेच केलं. सोबत एक अक्षर लिहिलं नाही, कारण कधीच लिहीत नसे. आणि गावाला माहीत होतं की अध्यक्षाबाई माणूस गेल्याशिवाय त्याच्यावर बोलत नाहीत. मग तुम्हीच सांगा, लोकांनी काय समजायचं?

सकाळी मी गिरणी सुरू करून बसले होते. रांगेतली एक बाई माझ्याकडं पाहून डोळ्याला पदर लावत होती. मी हातानं विचारलं काय झालं. ती काही बोलली, ऐकू आलं नाही. मी गिरणी बंद केली तर बाहेर घंटागाडीचं गाणं बंद आणि ड्रायव्हर माइकवरून सांगून राह्यला होता, की कळवण्यास दुःख होते, गावचे ज्येष्ठ सभासद भाऊराव यांचे निधन झाले आहे.

माझ्या मनात हे आलंच नाही की हा वसंताचा प्रताप. मला वाटलं, रात्रीत गेले. माझ्या कवितेनं गेले. मी पिठाच्या हातानंच धावत निघाले. बाजारपेठेत दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली. त्यांच्या ओट्यावर पोचले तर सगळं गाव जमलेलं. बांबू आले होते, मडकं आलं होतं, सुताराचा माणूस पेंढ्याची दोरी वळत होता. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज नाही, म्हणून कोणी आत जाईना. कांता अजून यायची असेल, असं म्हणत बसले होते. कांता भल्या पहाटे म्हशीचं पाहायला वावरात गेली होती. तिच्याकडं फोन नव्हता.

आणि दाराच्या आत मामाजी जिवंत होते. आदल्या रात्री डोळा उशिरा लागला म्हणून उशिरा उठले. उठले आणि दाराशी आले तर बाहेर आपल्याच मौतीची बोलणी चालू. कडीला लावलेला हात त्यांनी तसाच ठेवला. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

बाहेर मोठी अडचण पडली होती. मामाजींना न्यायचं कोणत्या वाटेनं? नाल्याला पाणी होतं. कोणी म्हणालं, तार तोडा. दुसरा म्हणाला, त्यांची तार त्यांच्या पोराला पुसल्याशिवाय कशी तोडता, आणि पोरगा पुण्याहून यायला संध्याकाळ होईल. तिसरा म्हणाला, मग नाल्यातूनच न्या, साऱ्या गावाला नेलं तसं यांनाही. त्यावर कोणीतरी म्हणालं, बुढा वजनदार आहे, घसरला म्हणजे? म्हणजे ज्यांच्या तारेनं सगळ्यांची मौत अडली होती, त्यांचीही तिथंच अडली.

किसनराव एका बाजूला बसले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. ते कोणाशी बोलून राह्यले नव्हते, बांबूकडं पाहून बोलत होते.

"सकाळपासून ऐकून राह्यलो बाईची कविता. भाभी खाटेवर पडून मोजे म्हनते. मले कोनी सांगतलं नाई. एका ताटात जेवलेलो आमी. मले एकडाव बोलला असता, त मी माह्या मायले डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाच्या वाटेनं नेलं असतं. बोलनं नसतं सोडलं."

कडी निघाल्याचा आवाज आला. दार उघडलं. मामाजी बंडी-धोतरात उभे, हातात पाण्याचा तांब्या.

दोरी वळणाऱ्या माणसाच्या हातून दोरी सुटली. मामाजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. कोण आलं, कोण नाही, ते पाहत असावेत.

"बसा," म्हणाले. "कांता वावरात हाय. सूनबाई, चहा मांड."

मग किसनरावांसमोर जाऊन उभे राहिले.

"किसन्या, पक्कड हाय का तुह्या घरी?"

किसनराव वर पाहीनात. "हाय."

"घेऊन चाल मंग. मले नाल्यातून जायाचं नाई."

मौतीला आलेल्या लोकांना मी चहा पाजला. यजमान जिवंत असलेली तशी मौत मी पुन्हा पाहिली नाही. तिरडीचे बांबू खांद्यावर टाकून तेच लोक वावराकडं निघाले, कारण कुंपणाचे खांब उकरायला काहीतरी लागणार होतं. तार इतकी गंजली होती की पक्कड लावायच्या आधीच काही ठिकाणी हातात आली. दोघं बुढे धुऱ्यावर वाकून तार गुंडाळत होते आणि एकमेकांच्या चुका काढत होते. वसंता माझ्या मागं लपत होता. मामाजींनी त्याला बोलावून एवढंच विचारलं, "मी मेलो म्हनून कोनी कळवलं, तू का?" तो हो म्हणाला. "बरं झालं," म्हणाले, "मी कळवलं असतं त कोनी आलं नसतं."

वाटेसाठी एकच अट घातली. वावरातल्या घराच्या खिडकीतून ती वाट दिसता कामा नये. आता तिथं खाटेवर कोणी नव्हतं, पण आम्ही काही विचारलं नाही. त्या बाजूनं बांबूची रोपं लावली. पुढच्या सभेत रस्त्याचा ठराव आला आणि मामाजींचा हात वर झाला. सभागृहात सगळ्यांनी माना खाली घातल्या. "हरकत नाई," ते म्हणाले. वसंतानं लिहिता लिहिता थांबून दोनदा विचारलं.

मी माझा शब्द पाळला, तारेच्या ओळी काढल्या. पण कवितेचं तसं नसतं ना. वावरातली तार गुंडाळून ठेवता येते. फोनमधून फोनमध्ये गेलेली माझी कविता लेकरांना पाठ झाली होती. मामाजी दर बाजारच्या दिवशी गिरणीवर येऊन तक्रार करायचे. "तू काढली, गावानं नाई काढली. अनसिंगच्या पाहुन्यानंबी मले म्हनून दाखवली." मी म्हणायची, माझ्या हातात असतं तेवढं केलं. ते पोत्यावर बसायचे, किसनराव दुसऱ्या पोत्यावर. गिरणीच्या आवाजात दोघं मोठमोठ्यानं भांडायचे आणि मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. लाइन गेली की दोघं एकदम गप्प.

माझी मुदत संपली. सोडत दुसऱ्याला निघाली, खुर्ची गेली. पाण्याचं काम माझ्या हातून पुरं झालं नाही, गाव अजून व्हॉल्व्हवाल्याची वाट पाहते. त्याची रुखरुख आहे. मौतीला मात्र अजून बोलावतात.

गेल्या पावसाळ्यात मामाजी खरोखर गेले. आणि गावानं ते मानलंच नाही. घंटागाडीवाला म्हणाला, आधी स्वतः पाहून येतो, मग सांगतो. लाकडंवाल्यानं गाडी भरली नाही, माणूस पाठवून खात्री केली. किसनराव ओट्यावर बसून होते, येईल त्याला मान हलवून सांगत होते, या खेपेला खरं आहे.

आम्ही त्यांना त्यांच्याच धुऱ्यावरून नेलं. मुरमाची वाट, कोणाचं धोतर भिजलं नाही. बांबू आता चांगले उंच झालेत, घर दिसत नाही. अग्नी दिल्यावर नवे अध्यक्ष बोलले, मामाजी मनमिळाऊ होते म्हणाले, आणि मग त्यांनी माझं नाव पुकारलं. समोर दगडांवर बायकाही बसल्या होत्या, कांता पुढंच होती. मी पदर घेतला. पहिल्या दोन ओळी म्हटल्या, हरकतीच्या. लोक थोडे हसले. मग शब्द दिल्याप्रमाणे तारेच्या ओळी गाळल्या आणि आत्याबाईंच्या ओळीवर जायला तोंड उघडलं.

मागून किसनरावांचा आवाज आला. बसूनच, सरणाकडं पाहून.

"वाटेवरती तार बांधली, गाव गेलं नाल्यातून."

आणि सगळ्या मोक्षधामानं पुढची ओळ म्हटली. बायकांनी म्हटली, लेकरांनी म्हटली, वसंतानं म्हटली. कोनी नाई पुसलं, मामाजी, तार बांधली काहून. चिडवून नाही म्हटली. विचारायचं राहून गेलेलं आता विचारावं, तशी म्हटली. माझा हात आपोआप पदराकडं गेला, कारण समोरच्या त्या दगडाकडं माझं लक्ष होतं, जिथून नेहमी हात वर यायचा.

त्या दिवशी जवाब द्यायला ते उभे नव्हते. असते तर काय म्हणाले असते, हे गावातल्या कोणालाही सांगता येईल. म्हणून मी इथं लिहून ठेवते: मामाजींची हरकत आहे. लिवली.